अपघाताचा क्लेम: मिळेल ते घ्यावं, लोकअदालतीत मिटवावं की निकालापर्यंत लढावं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून पाळी संपवून दुचाकीवर घरी निघालेला यंत्रमाग कामगार ट्रकखाली येतो. तेराव्याच्या आतच घरी सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, "वहिनी, हातात पडेल ते घ्या." कुणी म्हणतं, "पन्नास लाख मिळतात, सोडू नका." दोघांनीही हिशेब केलेला नसतो, म्हणून आधी तो करू.

वय ३४, पगार महिना १५,००० रुपये, मागे बायको, दोन मुलं आणि आई. चाळिशीच्या आतला, ठरावीक पगाराचा पण कायम नोकरी नसलेला कामगार असेल तर पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के मिळवायचे (सर्वोच्च न्यायालयाचा प्रणय सेठी निकाल, २०१७). म्हणजे २१,००० झाले. अवलंबून माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा केला की उरतात १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; ३१ ते ३५ वयाला गुणक १६ (सरला वर्मा निकाल, २००९). एकूण ३०,२४,०००. अंत्यसंस्काराचा खर्च, माणसाचा सहवास गमावल्याची भरपाई वगैरेंची रक्कम वेगळी.

आता हाच हिशेब पगार १०,००० धरून करा. येतात २०,१६,०००. दहा लाखांचा फरक पडला तो एका वहीमुळे. आपल्याकडे कारखान्यात पगार आठवड्याला रोख मिळतो आणि त्याची नोंद मालकाच्या वहीत असते. त्या पानांची झेरॉक्स, पीएफचा उतारा, बँकेत भरलेले पैसे, मालकाची साक्ष यातलं काहीच नसेल तर न्यायाधिकरण (अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट) किमान वेतनाच्या आसपास अंदाज बांधतं. म्हणून पहिल्या महिन्यातच मालकाकडे जा. वर्षभराने तो वही शोधेलच असं नाही.

आता तिन्ही वाटा शेजारी ठेवून पाहू.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, आकडा ठरलेला. पण ही भरपाई स्वीकारली की चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायचा, कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. तीस लाखांच्या हिशेबाचं घर घाईत पाच लाखांवर सही करून बसतं, तेव्हा फार वाईट वाटतं. चूक मयताचीच होती किंवा पुरावा उभाच राहत नाही, अशा वेळी मात्र ही वाट खरोखर आधार देते.

लोकअदालतीत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या तडजोडीने, पैसे लवकर हाती येतात. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पैसे देणाऱ्या विमा कंपनीलाही नाही, हा मोठा फायदा, कारण न्यायाधिकरणाच्या निकालावर कंपनी उच्च न्यायालयात गेली की पैसे अडकतात. (सोलापूरची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, मुंबईची खेप वाचली.) तोटा म्हणजे आकडा घासाघिशीत खाली येतो.

निकालापर्यंत गेलात तर पूर्ण हिशेब मांडता येतो, वर दावा दाखल केल्यापासूनचं व्याज मिळतं. पण वर्षं जातात आणि एक जोखीम राहते: सहदोष. पंचनाम्याच्या नकाशात दुचाकी चुकीच्या बाजूला दाखवली आणि न्यायाधिकरणाने २५ टक्के दोष मयतावर टाकला, तर तीस लाखांतले साडेसात लाख तिथेच जातात. म्हणून एफआयआर, पंचनामा आणि चार्जशीट हाती आल्याशिवाय यातली वाट निवडू नका.

माझं मत सांगतो. मृत्यूचा दावा असेल, पगाराचा कागद पक्का असेल आणि लोकअदालतीतला आकडा हिशेबाच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे असेल, तर घ्या. मुलांची फी यंदा भरायची असते. निम्म्यावर बोली आली तर लढा.

जखमीचं गणित निराळं. तिथे स्वतःच्या खर्चाची वजावट नाही, पण अपंगत्वाचे टक्के आले. दाखल्यावर गुडघ्याला ३० टक्के लिहिलेलं असेल, पण मागावर आठ तास उभं राहून धागा जोडणाऱ्याला त्या गुडघ्याने काम होतच नसेल, तर कमाईचं नुकसान ३० पेक्षा बरंच जास्त धरता येतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आहे. वरच्याच पगाराला ३० टक्क्यांनी १२,०९,६०० होतात, ६० टक्क्यांनी २४,१९,२००. त्यासाठी डॉक्टरांची साक्ष लागते आणि नेमकं काम काय होतं हे सांगणारा सोबतीही.

म्हणून जखमीच्या बाबतीत लवकर मिटवणं मला पटत नाही. रॉड काढायचा बाकी असतो, दुसरं ऑपरेशन पुढे असतं, आणि तडजोडीवर सही झाली की तो खर्च घरातून. पण थांबायचं ते दावा दाखल करून. कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, ती प्लॅस्टर निघायची वाट पाहत नाही. अर्ज आधी करा, अपंगत्वाचा दाखला मागाहून जोडता येतो.