बिल्ज कोरडं, टाकी रिकामी: ट्रॉलरच्या इंजिनात बदललेल्या पार्टांचा हंगामभराचा अनुभव

आमचा ट्रॉलर हर्णै बंदरातला. सहा सिलिंडरचं, हीट एक्सचेंजरवर थंड होणारं डिझेल इंजिन, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या कूलंटला समुद्राचं खारं पाणी थंड करतं. गेल्या मासेमारी बंदीत, 1 जून ते 31 जुलैच्या त्या दोन महिन्यांत, थंडाव्याची जवळजवळ सगळी बाजू नवीन केली: एक्सचेंजरचा ट्यूब बंडल (आतल्या नळ्यांचा जुडगा), खाऱ्या पाण्याच्या पंपाचे सील आणि इंपेलर (पाणी ओढणारं पात्यांचं रबरी चाक), कूलंट फिरवणारा गोड्या पाण्याचा पंप, होज, क्लिपा, टाकीची टोपी, कूलंट. ऑगस्टात बोट पाण्यात गेली, आता शिमगा होऊन गेलाय. एवढ्या दिवसांत काय टिकलं आणि काय परत काढावं लागलं ते लिहितोय. भावाच्या बर्फ कारखान्यातला जनरेटरही याच काळात हातात घेतला. त्याचं दुखणं अगदी निराळं निघालं, ते पुढे येईल.

पैसे कुठे घालायचे ते आधी सांगतो. सील, ओ-रिंग, इंपेलर, टोपी हा किरकोळ दिसणारा माल ओरिजिनलच घ्या. बंडल, धातूचे पाईप, कव्हर हे जाडजूड पार्ट चांगल्या कारागिराकडून करून घेतले तरी चालतात, धातू तपासून घेतला असेल तर. बंदरावर बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. मोठ्या पार्टावर कंपनीचा शिक्का हवा असतो आणि सील मात्र मिळेल तो बसवला जातो.

दुखणं असं होतं. मागच्या हंगामाच्या शेवटी हेडर टाकीची, म्हणजे इंजिनावरच्या कूलंटच्या टाकीची, पातळी रोज उतरायला लागली. बोट चालवणारा तांडेल मला, म्हणजे मालकाला, म्हणाला, "नाखवा, टाकी परत खाली गेली. पण बिल्ज सुकं आहे, एका पण होजला ओल नाही." बिल्ज म्हणजे बोटीचा तळ, गळलेलं पाणी तिथे साचतं. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ, दुधाळपणा नाही. धूर नेहमीचाच. सल्ला मात्र चारी बाजूंनी एकच आला: हेड गॅस्केट (सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड खोला.

हेड उघडण्याआधी कूलंट जाऊन जाऊन जाणार कुठे, याचा विचार करायला हवा. वाटा तीनच. इंजिनाबाहेर गेलं तर ओल, डाग, पांढरट किंवा हिरवट खार दिसतो. इंजिनात गेलं तर ऑइल दुधाळ होतं, नाहीतर सिलिंडरमध्ये जळून एक्झॉस्टला पांढरी वाफ येते. गॅस्केटमधून जळका वायू उलटा पाण्यात शिरत असेल, तर थंड इंजिन सुरू केल्याबरोबर, पाणी कोमटही व्हायच्या आत, टाकीत बुडबुडे येत राहतात. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. राहिली तिसरी वाट, समुद्र. एक्सचेंजरच्या नळ्यांच्या आतून खारं पाणी वाहतं, बाहेरून कूलंट फिरतं. इंजिन चालू असताना कूलंटच्या बाजूचा दाब जास्त असतो, म्हणून नळीला बारीक भोक पडलं की कूलंट खाऱ्या पाण्यात मिसळून थेट बाहेर पडतं. बोटीत त्याचा थेंब दिसत नाही. इंजिन बंद करून थंड झालं की आतला दाब बसतो, आणि एक्सचेंजर पाण्याच्या रेषेखाली असेल तर उलट खारं पाणी आत झिरपतं. खरं नुकसान इथून सुरू होतं, कारण ते मीठ ब्लॉकमध्ये, लायनरभोवती (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीभोवती), पंपाच्या सीलवर फिरत राहतं.

मीठ आलंय का हे बघायला कोणी टाकीतल्या पाण्याची चव घेतो. ते कृपा करून करू नका. ग्लायकॉल गोडसर लागतं आणि ते विष आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब पाण्याच्या नमुन्यात टाकले की मीठ असेल तर पांढरा साका धरतो. विहिरीच्या पाण्यातही थोडं क्लोराईड असतं, त्यामुळे ही परीक्षा डिस्टिल्ड वॉटर भरलेल्या इंजिनालाच खरी लागू पडते. आमचा नमुना ताकासारखा पांढरा झाला.

नंतर प्रेशर टेस्ट. टाकीच्या तोंडावर बसणारा हातपंप आणि गेज. किमतीने फार नाही, आणि माझ्या मते प्रत्येक मालकाने स्वतःचा ठेवावा. टोपीवर जेवढे पौंड (दर चौरस इंचाला) लिहिलेत तेवढाच दाब द्यायचा, आमच्या टोपीवर 13 आहेत. जास्त दिला तर चांगला होजही फाटेल. इंजिन थंड असताना काटा हळूहळू उतरत राहिला आणि बाहेर कुठेच ओल नव्हती. मग सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करून, खाऱ्या बाजूचं पाणी काढून, एक्सचेंजरची दोन्ही झाकणं उघडली, कूलंटच्या बाजूला दाब तसाच ठेवून. आमच्या एक्सचेंजरमध्ये झाकण काढलं तरी बंडल जागेवर राहतो. काही रचनांत झाकणच ओ-रिंग दाबून धरतं, तिथे ही युक्ती चालणार नाही. टॉर्च मारला तर खालच्या रांगेतल्या एका नळीतून थेंब थेंब येत होता, शेजारचीही ओली होती. हेडला पाना न लावता निकाल लागला.

हा क्रम एवढा सविस्तर लिहिला, कारण हेड एकदा खोललं की गॅस्केट, बोल्ट, लेथवाल्याकडून हेड सपाट करून घेणं असा खर्च वाढत जातो, आणि शेवटी टाकी परत उतरतेच.

एकदोन नळ्या फुटल्या असतील तर दोन्ही टोकांना पितळी गुटके ठोकून हंगाम काढता येतो. आमच्या बंडलच्या बऱ्याच नळ्या आतून खडबडीत झाल्या होत्या, म्हणून नवाच करायचं ठरवलं. तो मुंबईच्या दारूखाना भागातल्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतला. नळ्या 90-10 क्युप्रोनिकेलच्या, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास तांबं आणि दहा टक्के निकेल. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घेतलं, तरी हातात आल्यावर एका टोकाला कानस मारून बघितली. तांबं लालभडक दिसतं, पितळ पिवळं, आणि या मिश्रधातूचा रंग मंद, गुलाबीकडे झुकणारा करडा. पितळी नळ्यांचा बंडल फार स्वस्त पडतो, पण खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे लालसर, भुसभुशीत तांबं उरतं. बाहेरून नळी शाबूत दिसते, बोटाने दाबली की चुरते.

हंगामभराचा निकाल: बंडल उत्तम. दिवाळीनंतर आणि परत महाशिवरात्रीच्या सुमारास झाकणं उघडून बघितली. आत पातळ, एकसारखा थर आहे, खड्डे नाहीत. तापमान भर लोडवर ओढतानाही जागचं हललेलं नाही. दोन्ही वेळा झिंकच्या पेन्सिली (बाकी धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या कांड्या) निम्म्याहून जास्त झिजलेल्या होत्या, त्या बदलल्या. झिंक झिजतंय म्हणजे ते काम करतंय. हंगामभर जसंच्या तसं राहिलेलं झिंक दिसलं तर धातूचा संपर्क तुटलाय का ते बघा, कारण काही जण त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळतात.

क्युप्रोनिकेलला समुद्राचं वावडं नाही, वावडं आहे खाडीच्या कुजलेल्या गाळाचं. आमच्या बोटी पावसाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीत शाकारतात, म्हणजे झाकून ठेवतात. तिथला काळा गाळ उकरला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो सल्फाईडचा. तसलं पाणी नळ्यांत साचून राहिलं की धातूवरचा संरक्षक थर धरत नाही आणि खड्डे पडायला लागतात. म्हणून शाकारण्याआधी खारी बाजू गोड्या पाण्याने भरपूर धुऊन पूर्ण कोरडी करायची. साफसफाईला संडास धुवायचं ॲसिड वापरणारे पाहिलेत, ते ॲल्युमिनियमची बॉडी आणि झाकणं खाऊन टाकतं.

इंपेलरचा अनुभव याच्या उलट. पंपात ओरिजिनल बसवला होता, आणि तुलना व्हावी म्हणून गणपतीनंतर मुद्दाम बाजारातला स्वस्त इंपेलर घालून चालवला. माप बरोबर, रबर हाताला तसंच. थोड्याच आठवड्यांत पात्यांच्या मुळाशी चिरा दिसल्या आणि दोन पाती वाकलेलीच राहिली. तो काढला, परत ओरिजिनल घातला, तो अजून चालू आहे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला तिथून बोट काढली की पंप वाळू ओढतो आणि कव्हरप्लेटवर गोल चरे उमटतात. चरे खोल झाले तर नवा इंपेलरही पाणी नीट उचलत नाही, तेव्हा प्लेट उलटी करून किंवा घासून सपाट करून घ्या. एखादं पातं तुटलेलं निघालं तर त्याचा तुकडा सापडेपर्यंत शोधा. तो बहुधा एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो. बसवताना ग्रीस नको, ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी पुरतं. सी-कॉक बंद असताना इंजिन सुरू केलं तर कोणताही इंपेलर बघता बघता जळतो, त्याला ओरिजिनल-डुप्लिकेट काही नाही.

त्याच पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आत दोन सील असतात, एक पाण्याकडचा, एक ऑइलकडचा, आणि हे भोक दोघांच्या मधलं. तिथून पाणी आलं तर पाण्याचा सील गेला, ऑइल आलं तर ऑइलचा. काही मिस्त्री ते भोक एपॉक्सीने बुजवतात, गळती दिसायची थांबते. मग खारं पाणी शाफ्टवरून इंजिनाच्या ऑइलमध्ये शिरायला मोकळं होतं. कोणी तुमच्या बोटीवर हे केलं असेल तर आजच उकरून मोकळं करा. गोड्या पाण्याच्या पंपालाही असंच भोक असतं. नवा मेकॅनिकल सील बसेपर्यंत पहिले काही तास तिथे किंचित ओल आली तरी घाबरू नका, वाळलेला डाग चालतो, थेंब चालत नाही. आमचा पहिल्या फेरीतच कोरडा झाला आणि तसाच आहे.

होजबद्दल माझं मत बाजाराच्या मतापेक्षा वेगळं आहे. सिलिकॉनचे निळे होज दिसायला छान, उष्णतेला भक्कम, पण डिझेल-ऑइल लागलं की फुगतात, आणि जाळीदार पट्टीची क्लिप त्यांच्या अंगात रुतते. आम्ही एका बाजूला सिलिकॉन, दुसऱ्या बाजूला कापडी थराचे ईपीडीएम रबर होज लावले. दोन्ही शाबूत आहेत, मात्र सिलिकॉनच्या एका क्लिपेखाली काप दिसला, तिथे गुळगुळीत पट्टीची क्लिप घातली. पुढच्या वेळी सगळे रबरीच घेईन, पण ऑइलने ईपीडीएमही फुगतं आणि इंजिनरूममध्ये ऑइल उडतंच, तेव्हा लागलेलं तिथल्या तिथे पुसून घ्यायचं. क्लिप घेताना लोहचुंबक जवळ ठेवा. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असला माल सर्रास मिळतो. स्क्रूला चुंबक घट्ट चिकटला तर ती क्लिप पाऊस संपायच्या आत गंजते. सकाळी थंड इंजिनाखाली दोन थेंब आणि गरम झाल्यावर कोरडं, हे क्लिपेचंच लक्षण.

कूलंट तयार मिश्रणाचं, निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग ग्लायकॉल कशाला, असं विचारणारे खूप भेटतात. गोठण्यासाठी नव्हे, गंजासाठी घालायचं. ओल्या लायनरचं (लायनरला बाहेरून थेट कूलंट लागतं असं) इंजिन असेल तर आणखी एका कारणासाठी: लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगावर पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंडात टाचणीसारखी भोकं पाडतात. डिझेलसाठीच्या कूलंटमधली रसायनं लायनरवर पापुद्रा धरून हे रोखतात. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी त्यात घालू नका. गळतीवर हळद टाकायची जुनी युक्ती रस्त्यावर गाडी गॅरेजपर्यंत न्यायला ठीक आहे. ट्रॉलरच्या एक्सचेंजरमध्ये आणि थर्मोस्टॅटमध्ये तिचा लगदा साचतो आणि पुढचं दुखणं तयार होतं.

टोपी ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. दाब धरला तर साधं पाणीसुद्धा 1 बारला (सुमारे 14.5 पौंडांना) साधारण 120 अंशांवर उकळतं, टोपीचं रबर गेलं तर 100 लाच. पाणी उकळून ओव्हरफ्लोने जातं आणि लोक गळती शोधत बसतात. टोपी दर हंगामाला नवी.

आता बर्फ कारखाना. तिथल्या जनरेटरचा तांब्या-पितळेचा रेडिएटर वारंवार गळायचा, आणि गळायचा तोही पितळी टाकीच्या घडीवर, चिरेने. झाळून आणला की काही महिन्यांत शेजारी नवी चीर. पट्टा जास्त ओढल्याने पंपाचं बेअरिंग जातं, आणि मग सील, हे नेहमीचं कारण आधी तपासलं, ते नव्हतं. उत्तर भिंतीपलीकडे होतं. बर्फाच्या प्लांटमध्ये अमोनिया फिरतो, म्हणूनच त्याची सगळी पाइपलाइन लोखंडी असते, तांब्याची कधीच नसते. ग्लँडमधून (व्हॉल्व्हचा दांडा बाहेर येतो तिथल्या सीलमधून) सुटणारा थोडासा अमोनियाही ओलसर हवेत पितळेला पुरतो. ताणाखाली असलेल्या पितळेला तो चिरा पाडतो. पितळेच्या जागी ॲल्युमिनियम कोअरचा रेडिएटर बसवला, त्याला चालेल असंच कूलंट भरलं आणि जनरेटरची हवा दुसऱ्या बाजूने घेतली. तेव्हापासून एकही चीर नाही. खाऱ्या हवेने पंख्याकडच्या फिन्सवर पांढरी भुकटी धरते, ती दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवावी लागते. एवढी मेहनत मान्य असेल तर मी हा बदल बंदरावरच्या प्रत्येक बर्फ कारखान्याला सुचवेन.

बोटीवर आता कायम असतात: दोन ओरिजिनल इंपेलर कव्हरच्या गॅस्केटसह, पंपाचा सील किट, बंडलच्या ओ-रिंग, झिंक, टोपी, एक पट्टा, प्रत्येक मापाचा होजचा तुकडा आणि कूलंटचा एक कॅन. हे सगळं एप्रिलमध्येच मागवा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या बोटी एकदम पाण्यात उतरायच्या असतात, तेव्हा लेथवाल्याकडे नंबर लागत नाही आणि दुकानदार हातात देईल तो सील घ्यावा लागतो.