नाशिकच्या गंगापूर रोडची बायोस्टॅटची वीकेंड बॅच, पीएचडी कोर्सवर्कवाल्यांसाठी

मी बायोमेडिकल सायन्सेसमध्ये पीएचडी करतेय, पहिलंच वर्ष, आणि कोर्सवर्कमधला बायोस्टॅटिस्टिक्सचा (जीवशास्त्राच्या डेटासाठीचं संख्याशास्त्र) पेपर बघूनच पोटात गोळा आला होता कारण बारावीनंतर गणिताला हातच लावला नव्हता. लॅबमधल्या सिनिअर ताईने ही बॅच सांगितली. शनिवार-रविवार सकाळी, आठ आठवडे, फी ४,५००.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिटचं असतं, आणि त्यात ५५ टक्के पडले नाहीत तर पीएचडी पुढे चालूच ठेवता येत नाही, त्यामुळे बहुतेक जण इथे पास होण्यापुरतंच येतात, मीपण तशीच गेले होते.

पण सरांनी दुसऱ्याच रविवारी सगळ्यांना आपापला डेटा आणायला लावला. माझा एमटीटी असेचा (पेशी किती जिवंत आहेत ते रंगावरून मोजायची टेस्ट) होता, ९६ वेलची म्हणजे छोट्या खळग्यांची प्लेट, तीन वेगवेगळ्या दिवशी प्रयोग, दर वेळी तीन वेल, आणि मी एक्सेलमध्ये बिनधास्त एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) = ९ टाकलेलं. सर म्हणाले, "अगं, एकाच फ्लास्कमधल्या पेशी तीन वेलमध्ये टाकल्यास, ते तीन प्रयोग कसे झाले? तुझा एन तीनच." मग त्या तीन वेलची सरासरी काढून परत टेस्ट लावली तर जो फरक मी गाईड मॅडमना उत्साहाने दाखवून आले होते तो सिग्निफिकंटच (निव्वळ योगायोग नाही असं म्हणण्याइतका) राहिला नाही. खूप वाईट वाटलं खरंच. मी म्हटलं अजून दोन-तीनदा रिपीट करते आणि बघते, तर म्हणाले असं पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसायची शक्यता) बघत बघत प्रयोग वाढवत जायचं नाही, किती करायचे ते आधी ठरवायचं, आणि तिथेच बसून आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सँपल साइझ काढायला शिकवलं. आर फुकट आहे, एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी कुणाच्या मागे लागायला नको हे अजून एक बरं.

पेअर्ड टी टेस्ट (जोडीने मोजलेल्या आकड्यांच्या सरासरीतला फरक तपासायची टेस्ट) द्राक्षांवरून शिकवली. त्याच दहा वेलींची साखर आज मोजली आणि पंधरा दिवसांनी परत मोजली तर पेअर्ड, दिंडोरीच्या दोन वेगळ्या बागांतली मोजली तर अनपेअर्ड. आमच्या घरची बाग आहे त्यामुळे मला तर लगेच कळलं. आणि २० वेगवेगळ्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या टेस्ट ०.०५ वर (पी व्हॅल्यू याखाली आली की सिग्निफिकंट) लावल्या तर खरा फरक कुठेच नसतानाही एखादी तरी सिग्निफिकंट दिसायची शक्यता जवळजवळ ६४ टक्के असते, हे फळ्यावर गणित करून दाखवलं तेव्हा अख्खा वर्ग गप्प.

आता जे आवडलं नाही ते. पब्लिकेशन एथिक्स (संशोधन आणि ते छापताना पाळायची नीतिमत्ता) एका रविवारी गुंडाळलं, तो तर स्वतंत्र २ क्रेडिटचा, ३० तासांचा कंपल्सरी कोर्स आहे, त्यावर बॅच घेतो म्हणता तर नीट शिकवायला हवं ना. झेरॉक्स नोट्समध्ये अजून २०१६चे जुने नियम आहेत, तिथे किमान ८ क्रेडिट लिहिलंय, ते बदला प्लीज, नवीन मुलांचा गोंधळ होतो. जुने पेपर फारसे सोडवून घेत नाहीत. जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गाडी लावायला रोज दहा मिनिटं जातात.

तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार. लॅपटॉप न्याच, आर घरूनच टाकून जा कारण तिथलं वायफाय हळू आहे, आणि जमलं तर प्रयोग सुरू करायच्या आधी ही बॅच करा, मी सहा महिने उशिरा गेले.