गच्चीवरची गळकी टाकी: लिंपायची, की फोडायची?

आमचं नागपूरच्या प्रतापनगरातलं घर 1987 चं. जिन्याच्या टॉवरवर सिमेंटची टाकी, आतून पाच फूट बाय चार फूट, पाणी साडेतीन फूट. म्हणजे सत्तर घनफूट, दोन हजार लिटरला थोडी कमी. पाच वर्षांपूर्वी जिन्याच्या भिंतीला पहिल्यांदा ओल आली तेव्हा मी ती लिंपून घेतली. गेल्या हिवाळ्यात फोडली. दोन्ही वेळा पैसे माझेच गेले, तेव्हा कुठे काय चुकलं ते सांगायला हरकत नाही.

आधी टाकीच गळते आहे ना, हे बघा. रात्री टाकी भरली की वर येणारं पाणी बंद करा, खाली जाणाऱ्या पाइपाचा वॉलही बंद करा आणि आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारा. सकाळी पाणी रेघेवरच असेल तर टाकी बिचारी निर्दोष आहे. भिंतीत गाडलेला जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप सडलेला असतो आणि आळ टाकीवर येतो. पाणी उतरलं असेल तर घाई करू नका, आणखी दोन दिवस उतरू द्या. ते जिथे थांबेल, तिथे चीर. आमचं तळापासून चार बोटांवर थांबलं. टाकी बांधताना तळाबरोबर भिंतीचा तेवढाच भाग ओततात, वरची भिंत मागाहून. गळती बहुतेकदा त्या सांध्यातून किंवा पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथून सुरू होते.

आता मुख्य प्रश्न. याचं उत्तर दुकानात मिळत नाही, हातोडीने मिळतं. रिकाम्या टाकीत उतरून भिंती आणि विशेषतः वरच्या झाकणस्लॅबची खालची बाजू ठोकून बघा. आवाज टणक आला तर काँक्रीट धरून आहे. भद्द आवाज आला, पोपडा सुटला आणि आत तांबूस सळई दिसली, तर गोष्ट वेगळी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो फुगतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. पहिल्या वेळी आलेल्या मिस्त्रीने मला सांगितलं होतं, “काका, वरून कितीही लावा, आत सळई फुगून राहिली.” मी ऐकलं नाही. दुसरा मिस्त्री बोलावला, त्याला काहीच अडचण दिसली नाही.

सळई ठीक असेल तर मात्र सिमेंटची टाकी काढू नका, असंच मी म्हणेन. कारण एकच: आपलं ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा पाच इंच जाडीच्या भिंतीतलं पाणी दुपारीही अंगावर घेण्यासारखं राहतं. शेजारच्यांच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतून दुपारी दोनला जे येतं, त्यात चहाची पत्ती टाकावी. गिझर बंद करून बसले तरी उपयोग नाही, कारण थंड पाणीच घरात नसतं.

पण लिंपणं म्हणजे बाहेरून सिमेंट थापणं नव्हे. पाणी आतून ढकलतं, म्हणून लेप आतून हवा. भदभदणारा गिलावा पूर्ण काढायचा, सळई तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लावायचं, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने खड्डे भरायचे, तळ-भिंतीच्या काटकोनात गोलाई द्यायची आणि मग पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या लेपाचे दोन हात. त्यानंतर डब्यावर लिहिलेले दिवस, बहुधा आठवडाभर, पाणी भरायचं नाही. माझी चूक इथे झाली. काम काढलं मे महिन्यात. कूलरला रोज पाणी हवं, घरात पाच माणसं. तिसऱ्या दिवशी टाकी भरली. उन्हात लेपही भराभर वाळून बारीक तडकला होता. दोन पावसाळे निघाले, तिसऱ्यात जिन्याची भिंत पुन्हा काळी. हे काम डिसेंबर-जानेवारीतच करा आणि तेवढे दिवस खाली एक पाचशे लिटरची टाकी मागून आणा.

सळई गेली असेल तर फोडा. फोडण्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. मी हिशेब केला तर आमची टाकी रिकामीच साडेतीन टनांच्या घरात होती, वर दोन टन पाणी. एवढा बोजा चाळीस वर्षांच्या खांबांवरून उतरतो. मलबा मात्र खाली सोडताना थोडा-थोडा सोडा. गच्चीवर ढीग केला तर तेवढंच वजन पुन्हा स्लॅबच्या मधोमध येतं. काही जण जुनी टाकी तशीच ठेवून तिच्या झाकणावर नवी बसवतात. हे करू नका. ते झाकण माणसाने उभं राहण्यापुरतं असतं, टनभर पाण्यासाठी नाही.

नवी घ्यायची तर प्लास्टिक की स्टील? आपल्याकडे प्लास्टिकच्या कुठल्याही टाकीला सिंटेक्सच म्हणतात, पण अंगावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 12701 हा आकडा आहे का, हे बघून घ्या. बाहेरच्या थरातला काळा कार्बन उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊ देत नाही. तोच काळा रंग पाणी तापवतो. म्हणून बाहेरून पांढरी, मध्ये काळा थर आणि शक्यतो फोमचा थर असलेली घ्या. एकाच थराची पांढरी स्वस्त पडते, पण तिच्यातून उजेड आत जातो आणि शेवाळ धरतं. पाण्याला हात लावून बघितलं तर फोमवाली आणि साधी यांतला फरक मे महिन्यात कळतो, पण सिमेंटची बरोबरी तीही करत नाही. वर हिरवी जाळी किंवा पत्र्याची सावली लागतेच.

प्लास्टिकची टाकी बिघडते ती बसवणाऱ्याच्या हातून. तिला तळाखाली सगळीकडे सपाट आधार लागतो. दोन लोखंडी अँगलवर ठेवलेली टाकी मध्ये लोंबते आणि एक दिवस तळाशी चिरते. तडकलेल्या प्लास्टिकला गोंद धरत नाही, गरम करून जोडलं तरी ते दिवस काढण्यापुरतं. दुसरं, पाइपाचं भोक. आमचा प्लंबर जीआय पाइपाचा तुकडा गॅसवर लाल करून टेकवायला निघाला होता. भोक वेडंवाकडं होतं, वॉशर बसत नाही, नव्या टाकीला पहिल्याच दिवशी थेंब. होल-सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत, नसेल तर तो प्लंबर परत पाठवा. आणि रिकामी टाकी बांधून ठेवा. पंचवीस-तीस किलोचं हे डबडं मे महिन्यातल्या संध्याकाळच्या वादळात शेजाऱ्याच्या अंगणात जायला वेळ लागत नाही.

स्टीलबद्दल माझं मत जरा कोरडं आहे. किंमत प्लास्टिकच्या दोन-तीन पट. पुसायला सोपी, उजेड आत जात नाही, जुनी झाली तरी भंगारात पैसे येतात. पण पातळ पत्रा उन्हात लगेच तापतो. आणि घेताना फसगत सोपी. 304 ग्रेडचं स्टील म्हणून हलकं 202 गळ्यात मारतात, चुंबक दोन्हींना चिकटत नाही, म्हणून दुकानदार चुंबक लावून दाखवतो त्याला काही अर्थ नाही. 304 मध्ये निकेल आठ टक्क्यांच्या आसपास असतं, 202 मध्ये बरंच कमी. बिलावर ग्रेड लिहून मागा. घरी नळाबरोबर बोअरचं पाणीही त्याच टाकीत चढवत असाल तर त्यातल्या क्षारांनी वेल्डिंगपाशी टाचणीएवढी भोकं पडू शकतात. निव्वळ नळाचं पाणी, टाकीवर शेड आणि हाताशी पैसा, या तिन्ही गोष्टी असतील तरच स्टील.

माकडांचाही विचार करा, हसू नका. अंबाझरी, सेमिनरी हिल्सच्या बाजूला वानरं प्लास्टिकचं झाकण सहज उचलून फेकतात, आणि उघड्या स्वच्छ पाण्यात डेंगूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. झाकण आटे फिरवून बसणारं घ्या, ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी बांधा.

जागा बदलू नका. टॉवरवरची टाकी खाली गच्चीवर आणायची लालूच होते, चढवणं सोपं म्हणून. पण पाण्याचा जोर उंचीवरच असतो. सात फूट उतरवलं की वरच्या मजल्यावरचा शॉवर नुसता ठिबकतो.

मी हजार लिटरच्या दोन फोमवाल्या घेतल्या, एकाऐवजी. एक धुवायला काढली तरी घर चालतं, आणि वजन दोन तुळयांवर वाटून बसतं. माणशी रोज 135 लिटर धरलं तर आमचे पावणेसातशे होतात, उन्हाळ्यात कूलर वेगळा. जिन्यातून त्या वर जाईनात. टाकीची रुंदी साडेतीन फूट आणि जिन्याचं दार तीन. शेवटी दोर लावून कठड्यावरून ओढल्या, समोरचे काका खालून ओरडत होते, “अरे, तुळशी सांभाळा!” तुळस वाचली, कुंडी गेली.