चौथ्या फेरीचे डाव, टिपांसकट : स्वतःच हरलेला डाव वाचताना

आमच्या लोकल बुद्धिबळ स्पर्धेच्या चौथ्या फेरीचं बुलेटिन आलं, पीडीएफ आणि सोबत पीजीएन फाईल (डाव कॉम्प्युटरवर चालवून बघायची), १२ डाव टिपांसकट. तिसरा डाव माझाच, हरलेला, त्यामुळे हा रिव्ह्यू निःपक्षपाती वगैरे नाहीये हे आधीच सांगतो.

आधी जे आवडलं ते. पहिल्या डावात काळ्याने इटालियन नावाच्या ओपनिंगमध्ये (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) ती नेहमीची चूक केलीय, पांढऱ्याचा घोडा जी५ च्या घरात आला, काळ्याने प्यादं डी५ ला ढकललं, पांढऱ्याने प्यादं मारलं आणि काळ्याने लगेच घोड्यानेच परत मारलं. मग पांढऱ्याच्या घोड्याचं एफ७ वर बलिदान, राजाने मारला, वजीर एफ३ ला शह, राजा ई६ वर. इथे टिपा लिहिणाऱ्याने इंजिनचा (कोण किती पुढे आहे ते मोजणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमचा) आकडा दिलेलाच नाही, त्याने लिहिलंय की डी५ चा घोडा उंटाने पिन केलाय (हलला तर मागच्या राजाला शह बसतो) आणि राजा स्वतःच त्याचा पहारेकरी झालाय, आता सी३ ला पांढऱ्याचा दुसरा घोडा आला की दाब अजून वाढतो. आणि त्याने डाव संपल्यावर काळ्याला विचारलंही, तर उत्तर आलं की प्यादं गेलं की परत घ्यायचंच असतं ना. त्यावर टीप एकाच ओळीची : घोडा ए५, उंटाला हाकला, प्यादं नंतर बघू. माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात हे बसतं, +१.३ वगैरे बसत नाही.

आता माझा डाव. हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती, मी काळा, फिलिडोरची पोझिशन (एक प्यादं कमी असूनही बरोबरी राखायची ठरलेली रीत), १७७७ पासून सगळ्यांना माहिती आहे असं म्हणतात, मलाही माहिती होती. हत्ती सहाव्या रांगेवर ठेवायचा, पांढऱ्याच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही, प्यादं सहावीवर आलं की मगच हत्ती खाली पहिल्या रांगेला नेऊन मागून शह द्यायचे. मी घाई केली आणि प्यादं ई५ वरच असताना हत्ती ई१ ला नेऊन बसलो. घरी इंजिनला दाखवलं तर ०.००, म्हणजे बरोबरी, चूकच नाही! पण बुलेटिनमध्ये त्या चालीला ?! (शंकास्पद चाल) दिलंय आणि लिहिलंय की बरोबरी आहे पण आता एकेक चाल अचूक शोधावी लागेल. पुढे पांढरा राजा ई६ ला आला, हत्तीने ए८ वर मात करायची धमकी, माझा राजा ई८ वर, आणि मी तो डी८ ला, म्हणजे लांबच्या बाजूला (प्याद्याच्या ज्या बाजूला पटाच्या जास्त उभ्या ओळी आहेत तिकडे) नेला. एफ८ ला, छोट्या बाजूला न्यायचा होता, म्हणजे लांबची बाजू माझ्या हत्तीला आडवे शह द्यायला मोकळी राहिली असती. तिथे ?? (घोडचूक). वाचताना कान लाल झाले पण इतकं नीट मला आजवर कोणी समजावलं नव्हतं, यूट्यूबवर तर नाहीच.

मग पाचव्या, आठव्या आणि अकराव्या डावाच्या टिपा मात्र कोणीतरी दुसऱ्यानेच लिहिल्यात, किंवा त्याच माणसाला झोप आली असेल. १४-१४ चालींचे पर्यायी फाटे, एक शब्द नाही, शेवटी ± (पांढरा वरचढ) किंवा = (बरोबरी). ती चिन्हं इन्फॉर्मंटवाल्यांनी (डावांचे संग्रह छापणारे) १९६६ पासून रुळवली कारण भाषा कुठलीही असो खेळाडूला कळावं, ठीक आहे, पण त्यांच्याकडे ग्रँडमास्टर वाचक होते. इथे कोणासाठी?

सगळ्यात थरारक असा नववा डाव ३८ व्या चालीला तुटतो, पुढे फक्त १-०, म्हणजे पांढरा जिंकला. यात छापणाऱ्याचा दोष नाही, घड्याळावर उरलेला वेळ ५ मिनिटांच्या आत आला आणि दर चालीला जादा ३० सेकंद मिळत नसतील तर चाली लिहिण्याची सक्ती नसते, दोघांनीही पेन खाली ठेवलं असणार. पण खेळाडूंना विचारून दोन ओळी तरी टाकायच्या ना, काय झालं ते. पहिल्या डावात विचारलंच होतं की!

आकृत्या डावाला एकच, आणि ती बहुतेक वेळा ओपनिंगमधली, जिथे गरज नाही. पटाच्या कडेला अक्षरं-आकडे नाहीत. घड्याळाचे वेळ कुठेच नाहीत, वेळेच्या तंगीत केलेली चूक आणि निवांत बसून केलेली चूक यात फरक असतो हो.

५ पैकी ३.५. टिपा लिहिणाऱ्या त्या पहिल्या माणसाला सगळे १२ डाव द्या, मी ५ देईन.

आणि फाईल उतरवून घेणाऱ्यांसाठी : सातव्या डावात २३ वी चाल स्कोअरशीटवर (खेळाडूने चाली लिहिलेला कागद) नुसती 'हत्ती डी१' असावी, तिथे दोन्ही हत्ती जाऊ शकतात, टाइप करणाऱ्याने एफ१ चा धरलाय. त्यामुळे २६ व्या चालीपासून पांढरा फुकट मोहरा सोडतोय असं दिसतं आणि टिपेत त्याचं कौतुक चाललंय. ए१ चा हत्ती हलवा, मग सगळं जुळतं.