लाल बटण असेल तरच घ्या : सोलर ऑडिओ प्लेअर, दोन वर्षांच्या वापरानंतर

गुडघ्यांनी साथ सोडली आणि मी मिशनच्या सेवेतून निवृत्त झाले, त्याला चार वर्षं झाली. त्याआधी एकवीस वर्षं मी डोंगरातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीबरोबर होते. शेवटची चढण पायीच चढावी लागते, म्हणून आता मला तिथं जाता येत नाही. पहिली दोन वर्षं फोनवर काढली. गावात रेंज नाही. कोणीतरी खिंडीपर्यंत चालत येतं, तिथून फोन लावतं, दोन वाक्यं ऐकू येतात आणि फोन कटतो. शिवाय फोन एकाच्याच कानाला असतो, बाकीचे भोवती उभे राहून त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. चाळीस माणसांच्या मंडळीशी असं किती दिवस बोलणार?

म्हणून हा प्लेअर घेतला. डबा तिकडे गावात असतो, मी इथं बोलणं रेकॉर्ड करून मेमरी कार्डावर पाठवते. वहीएवढा डबा, पुढं स्पीकर, मागं सोलर पॅनल, बाजूला मेमरी कार्डाची खाच आणि वर पाच बटणं. त्यातलं एक लाल, रेकॉर्डिंगचं. असेच डबे वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि आतलं यंत्र पुष्कळदा सारखंच असतं, म्हणून नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगते.

आवाज चांगला आहे. आमचं प्रार्थनामंदिर एका खोलीचं, वर पत्रे. पाऊस नसेल तर शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द कळतो, पाऊस लागला की काहीच कळत नाही. माणसाचा आवाज हा साधारण नीट सांभाळतो, पण पेटीबरोबरचं गाणं लावलं की स्पीकर घरघरतो. मंडळीत एक आजी आहेत. त्यांची दृष्टी गेलेली आहे आणि अक्षरओळख त्यांना कधीच नव्हती. माझी कागदावरची पत्रं त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागायची. पहिलं कार्ड लागलं तेव्हा त्या उठून डब्याजवळ आल्या आणि स्पीकरवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या, असं मला कळवलं. एवढ्यावरच मी हे यंत्र दुसऱ्यांदाही घेतलं असतं.

जागेची काळजी करू नका. बोलण्यासाठी ६४ केबीपीएसचं मोनो एमपीथ्री, म्हणजे हलक्या दर्जाची ध्वनिफाईल, पुरते. त्या हिशेबानं तासाला साधारण २९ एमबी लागतात, म्हणजे ८ जीबीच्या कार्डात पावणेतीनशे तास मावतात. मोठं कार्ड उगाच घेऊ नका. ३२ जीबीच्या वरची कार्डं सहसा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेली येतात आणि असे साधे डबे ती पुष्कळदा वाचतच नाहीत.

फायलींच्या क्रमानं मात्र मला रडवलं. मी ०१, ०२, ०३ अशी नावं दिली होती. तिकडे आधी समारोपाची प्रार्थना वाजली, मग मधलं वचन आणि शेवटी माझा नमस्कार. नंतर कळलं की असे डबे नावाकडे बघत नाहीत. कार्डावर जी फाईल आधी उतरली ती आधी वाजते, आणि सगळ्या एकदम कॉपी केल्या की क्रमाचा भरवसा नाही. आता दरवेळी कार्ड फॉरमॅट करते आणि एकेक फाईल हातानं, वाजायच्या क्रमानं टाकते. वेळ लागतो, पण तेव्हापासून गोंधळ झालेला नाही.

दुसरा दोष बनावटीतलाच आहे. पॅनल डब्यालाच चिकटवलेलं आहे, त्यामुळे चार्ज करायचा म्हणजे अख्खा डबा उन्हात ठेवायचा. आतली बॅटरी लिथियमची. ४५ अंशांच्या वर तापलेली असताना ती चार्ज करू नये आणि शून्याखाली गारठलेली असतानाही करू नये. आमचा डबा महिनोन्‌महिने पत्र्यावर ठेवला जात होता. वर्षभरात बॅटरी निम्म्यावर आली. वायरीनं जोडायचं वेगळं पॅनल मिळत असेल तर तेच घ्या, म्हणजे पॅनल उन्हात आणि डबा सावलीत राहील.

कार्ड नखाएवढं असतं, १५ बाय ११ मिलिमीटर. ते जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाबरोबर जातं. एक वाटेत हरवलं. आता दोन कार्डं फिरती ठेवली आहेत, एक जाणारं आणि एक येणारं. बायबलमधल्या प्रेषित पौलाची मंडळ्यांना लिहिलेली पत्रंही अशीच माणसांच्या हातून गेली. रोमच्या मंडळीकडे निघालेल्या फीबीची त्यानं पत्रातच शिफारस केली आहे, कलस्सैला तुखिक गेला, आणि फिलिप्पैहून मदत घेऊन आलेला एपफ्रदीत आजारातून उठल्यावर पौलानं त्याला परत धाडला. मी तिथं होते तेव्हा ही नावं वाचून पुढं जायचे. आता कार्ड घेऊन जाणारा मुलगा निघाला की ती आठवतात, कारण तो पोचला नाही तर माझं काहीच पोचत नाही.

आता लाल बटणाविषयी, कारण या डब्याचा जीव त्यातच आहे.

सुरुवातीला मी ते बटण बघितलंही नव्हतं. मी उपदेश रेकॉर्ड करायचे, चाळीस-पन्नास मिनिटांचे, आणि पाठवायचे. रविवारी उपासनेत तेच लावले जात. मला वाटे, किती छान चाललंय. सहा महिन्यांनी तिथल्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका वडीलधाऱ्यांची चिठ्ठी आली : "बाई, तुमचा आवाज असला की आता कोणी उभं राहत नाही." मी असताना ज्या दोन तरुणांना वचन सांगायला उभं केलं होतं, ते डब्यासमोर गप्प बसून ऐकत होते. ती चिठ्ठी मी कितीतरी वेळा वाचली. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशनसंस्थेचे सचिव असलेले हेन्री व्हेन म्हणत की मंडळीनं स्वतःचा खर्च, स्वतःचा कारभार आणि स्वतःची सुवार्ता स्वतः उचलावी आणि मिशननं तिथून बाजूला व्हावं. प्रशिक्षणात मी हे पाठ केलं होतं. गावातून निघताना मला वाटलं होतं की मी बाजूला झाले, आणि एका डब्यातून मी परत पुलपिटावर चढून बसले होते.

तेव्हापासून उपदेश बंद. फक्त दहा मिनिटं बोलते, तेही उपासना संपल्यावर लावायचं असं सांगून. आणि त्यांना विनंती केली की लाल बटण दाबा आणि तुमची उपासना मला पाठवा.

जॉय रिडरहॉफ यांची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. १९३० साली त्या मिशनरी म्हणून होंडुरासला गेल्या आणि आजारपणामुळे त्यांना घरी परतावं लागलं. मागं राहिलेल्या लोकांपर्यंत निदान आवाज तरी पोचावा म्हणून त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये स्पॅनिशमधून ग्रामोफोनची तबकडी काढली आणि १९३९ मध्ये गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज ही संस्था सुरू केली. पुढं या संस्थेनं पुठ्ठ्याची घडी घालून हातानं फिरवायचा कार्डटॉक नावाचा प्लेअरही केला. आज ग्लोबल रेकॉर्डिंग्ज नेटवर्क या नावानं सहा हजारांहून जास्त भाषा-बोलींत त्यांची रेकॉर्डिंग आहेत. त्या बाईंविषयी मला अपार आदर आहे. पण गावात राहिलेली तबकडी फक्त बोलू शकायची. माझ्या डब्याला ऐकताही येतं, आणि निवृत्त माणसाला त्याचीच जास्त गरज असते.

रेकॉर्डिंगमध्ये उणिवा आहेत. माइक जवळचंच ऐकतो, म्हणून डबा बोलणाऱ्याच्या पुढ्यात ठेवावा लागतो. बॅटरी पूर्ण उतरली की आतलं घड्याळ मूळपदावर येतं आणि सगळ्या फायलींवर एकच तारीख पडते. कुठला रविवार कुठला हे मला कळेना, म्हणून आता ते सुरुवातीलाच सांगतात : "आज पेन्टेकॉस्टनंतरचा तिसरा रविवार." हे मला तारखेपेक्षा आवडतं.

एक इशारा माझ्या चुकीतून. एका कार्डावर मी एका घरातल्या आजारासाठी नाव घेऊन प्रार्थना केली. त्या घरानं ते फक्त मला सांगितलं होतं आणि ऐकलं अख्ख्या मंडळीनं. घरची मुलगी दोन महिने उपासनेला आली नाही. पौलानं आपसात न पटणाऱ्या युवदीया आणि सुंतुखे या दोघींची नावं सर्वांसमोर वाचल्या जाणाऱ्या पत्रात घेतली खरी, पण मला तो अधिकार नव्हता. खाजगी गोष्टी मी आता कागदावर, बंद पाकिटातूनच कळवते. त्या मुलीची क्षमाही मी पत्रातूनच मागितली.

तर घ्यावा का? ज्यांची मंडळी दूर आहे आणि जिथं नेटवर्क नाही त्यांनी जरूर घ्यावा, पण रेकॉर्डिंगचं बटण असलेलाच. नुसता वाजणारा डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पाचपैकी चार तारे देते, एक तारा त्या चिकटवलेल्या पॅनलपायी गेला.

अजून एक उणीव लिहायची राहिली. रेकॉर्डिंग चालू असल्याचा दिवा इतका बारीक आहे की उजेडात दिसत नाही. गेल्या महिन्याच्या कार्डावर उपासना आशीर्वादानं संपली आणि डबा तसाच चालू राहिला. बाक सरकवल्याचे आवाज आले. मग झाडू. दोघी बायका दिव्यातल्या तेलावरून काहीतरी बोलत बाहेर गेल्या. त्या आजींचा खोकला मी लगेच ओळखला. एक मूल फळीवरचे गीतांचे क्रमांक मोठ्यानं वाचत होतं, सात आणि एक उलटे घेत, आणि कोणीतरी त्याला न रागावता पुन्हा वाचायला लावत होतं. तो आवाज त्या घरच्या मुलीचा होता. अशी सव्वीस मिनिटं आहेत.

या वेळच्या कार्डावर बटण बंद कसं करायचं ते सांगणार होते. मी ते सांगितलं नाही.