ऑडॅसिटीचा स्पेक्ट्रोग्राम: नववीच्या वर्गात आठ महिने

फुकट मिळतं म्हणून जूनमध्ये शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यातला स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र: आडवा वेळ, उभी वारंवारिता, आणि जिथे आवाज तिथे रंग. आता फेब्रुवारी सुरू आहे आणि वापर अजून चालूच आहे.

पहिले दोन आठवडे नुसता मनस्ताप. ५१२ हर्ट्झचा नादकाटा माइकजवळ धरला की रेघ उमटायची आणि दोन सेकंदांत पुसट व्हायची. कानाला तर आवाज येतोय! "सर, काटा खराब आहे," मुलांचा निकाल. काटा बिचारा ठणठणीत होता. लॅपटॉपमधली गोंगाट कमी करणारी सोय त्याच्या एकसुरी आवाजाला पंख्याची घरघर समजून दाबत होती. ती बंद केली आणि रेघ लांबली. काटा जोरात आपटला तर ३२०० च्या आसपास आणखी एक आखूड रेघ दिसते, लगेच विझते. मूळ वारंवारितेच्या साधारण सव्वासहा पट; पूर्णांक पट नाही, हे मुलांनीच मोजून काढलं.

दुसरा घोळ उभ्या अक्षाचा. तो आधीपासून 'मेल' मापनावर (कानाला जाणवणाऱ्या अंतरांप्रमाणे आखलेल्या) असतो, त्यामुळे पेटीच्या सुराच्या पटी (मूळ वारंवारितेच्या दुप्पट, तिप्पट अशा रेघा) वर जाताना एकमेकींना चिकटतात. 'लिनिअर' करा, सारख्या अंतराची शिडी दिसते. खिडक्यांना पडदे नसतील तर रंगही बदला; पांढऱ्यावर काळं प्रोजेक्टरवर बरं दिसतं.

विंडो साइजवर, म्हणजे एका वेळी आवाजाचे किती नमुने तपासायचे यावर, मी अख्खा तास घालवतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराला ४०९६ घेतलं तर सूर ११ हर्ट्झपर्यंत वेगळे काढता येतात, पण एकेक तुकडा ९३ मिलिसेकंदांचा, म्हणून टाळी फिसकटते. २५६ वर टाळी सुईसारखी उभी आणि सूर मात्र जाडजूड पट्टा. एक हवं तर दुसरं सोडावं लागतं.

पण पैसे वसूल (म्हणजे शून्यच!) झाले ते एका मुलीच्या प्रश्नाने: 'चार' आणि 'चारा' यांतला च एकच का? लिहिताना एकच. रेकॉर्ड केलं, दोन्ही शब्द एकाखाली एक लावले. 'चार'च्या सुरुवातीचा करडा ढग अडीच-तीन हजारांपासून वर, 'चारा'चा थेट चार हजारांच्या पुढे, 'स'सारखा. तरंगाच्या नेहमीच्या आलेखात दोन्हीकडे नुसतं गवत दिसत होतं. माझा मराठीचा सहकारी तास सोडून बघायला आला.

आता झ राहिलाय. 'झाड' आणि 'झेंडा' उद्या.