मॉडेल कोणतं घ्यावं? पर्यावरणाचे निर्णय घेणाऱ्यांसाठी तुलना

एक जलाशय दर उन्हाळ्यात शेवाळाने हिरवा पडतो. ज्यांच्या ताब्यात तो आहे, त्यांच्यापुढे दोन मार्ग आहेत. सांडपाणी प्रक्रिया केंद्राला शेवाळाचं खाद्य असलेला फॉस्फरस काढणारा टप्पा जोडायचा, किंवा पाणलोटातल्या शेतांतून वाहून येणारं खत वाटेतच अडवायचं. दोन्ही करायला पैसा पुरत नाही. बैठकीत कुणीतरी म्हणतं, "आधी मॉडेल करून घेऊ." त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. कोणतं मॉडेल, हे विचारलं की मात्र ज्याला जे सॉफ्टवेअर येतं, तेच तो सुचवतो.

निवडीची कसोटी म्हणून बहुतेक जण अचूकता धरतात. मी ती दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न असा: हे मॉडेल चुकलं तर कुठल्या बाजूला चुकेल, आणि ती चूक आपल्याला परवडेल का?

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळच्या कॉड माशाचं उदाहरण घ्या. साठा किती शिल्लक आहे हे ठरवणारं गणित चांगलं प्रस्थापित होतं, करणारे लोकही जाणकार होते. पण हे गणित जुळवायला संशोधन जहाजांच्या पाहणीबरोबर व्यापारी ट्रॉलरांच्या मासेमारीचे आकडेही वापरले जात. मासे कमी होत गेले, तसे उरलेले थवे थोड्या जागेत एकवटले. ट्रॉलर आधुनिक उपकरणं घेऊन नेमके तिथेच पोचायचे, त्यामुळे तासाला मिळणारी मासळी फारशी घटली नाही. मॉडेलने त्यावरून साठा ठीक आहे असं मानलं. 2 जुलै 1992 रोजी मासेमारीवर बंदी आली आणि सुमारे 30 हजार लोकांचा रोजगार गेला. आकडे थोडेफार चुकणं वेगळं. इथे चूक वर्षानुवर्षं एकाच बाजूला, आशावादी बाजूला, होत राहिली. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

एका ओळीचं सूत्र

सल्लागार याचं नाव सहसा काढत नाहीत, कारण याचं बिल लावता येत नाही. तलावांसाठी तलावांचे अभ्यासक फोलनवायडर यांचं 1970च्या दशकातलं सूत्र आजही वापरात आहे. त्याला फक्त तीन गोष्टी लागतात: दर चौरस मीटरमागे वर्षाला किती फॉस्फरस येतो (यालाच भार म्हणतात), तलावाची सरासरी खोली किती आणि पाणी तलावात किती काळ मुक्काम करतं.

समजा खोली 10 मीटर आहे, मुक्काम 1 वर्षाचा आहे आणि भार 1 ग्रॅम आहे. खोली भागिले मुक्काम म्हणजे 10. त्याला एक अधिक मुक्कामाचं वर्गमूळ, म्हणजे 2 ने गुणलं की 20. आता 1 ला 20 ने भागा. उत्तर येतं घनमीटरला 0.05 ग्रॅम, म्हणजे लिटरला 50 मायक्रोग्रॅम. साधारण 35 च्या वर गेलेला तलाव अतिपोषित, म्हणजे शेवाळाला जास्त खाद्य मिळणारा, धरतात. भार निम्मा केला तर आकडा 25 वर येतो आणि तलाव मधल्या वर्गात बसतो. मॉडेल संपलं. कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटं.

आता हे चुकतं कुठे ते बघू. हे सूत्र स्थिरावलेल्या तलावाचं आहे. तळाच्या गाळात वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस वर येत राहतो, याचा हिशेब त्यात नाही. बाहेरचा भार तोडल्यावरही अनेक तलावांना नवा तोल सापडायला 10 ते 15 वर्षं लागलेली आहेत. म्हणजे किती सुधारेल हे सूत्र बरं सांगतं, कधी सुधारेल याबद्दल ते काहीच बोलत नाही, आणि ऐकणारा ते लगेच घडेल असं धरून चालतो. दोन वर्षांत निवडणूक असेल तर ही चूक फार महागात पडते. तरीही निम्म्या प्रकरणांत या दहा मिनिटांनीच निर्णय होऊ शकतो, असं माझं मत आहे. सांडपाण्यातून येणारा भार एकूण भाराच्या दहावा हिस्साच असेल, तर प्रक्रिया केंद्रावर मोठा खर्च करून तलाव सुधारणार नाही, हे कळायला दोन वर्षांचा प्रकल्प कशाला हवा?

प्रक्रियांवर उभं असलेलं मॉडेल

पाऊस पडला, थोडा मुरला, थोडा वाहिला, माती आणि खत घेऊन नदीला मिळाला: अशी प्रत्येक पायरी समीकरणांत लिहिणारी ही मॉडेलं. पाणलोटासाठी स्वॅट, भूजलासाठी मॉडफ्लो, पुरासाठी हेक-रास, धुराड्यातून निघणाऱ्या प्रदूषणासाठी एअरमॉड ही त्यातली सर्रास वापरली जाणारी नावं. सगळी फुकट मिळतात. खर्च होतो तो माहिती गोळा करण्यात आणि मॉडेल चालवणाऱ्या माणसाच्या पगारात.

यांची खरी ताकद अशी की "असं केलं तर काय होईल" हा प्रश्न थेट विचारता येतो. नदीकाठी गवताचा पट्टा लावला तर? खत पेरणीनंतर पंधरा दिवसांनी दिलं तर? असे बदल पूर्वी कधीच झालेले नसले, तरी समीकरण काहीतरी उत्तर देतं. प्रश्न त्या उत्तराच्या भरवशाचा.

स्वॅटमधला एकच आकडा जवळून पाहू. किती पाऊस वाहून जाईल हे ठरवायला बहुतेक जण कर्व्ह नंबर वापरतात. माती आणि जमिनीचा वापर बघून तो तक्त्यातून घेतात आणि मग मोजमापांशी जुळवताना थोडा वरखाली करतात. 80 मिलिमीटर पावसात हा नंबर 70 धरला तर सुमारे 20 मिलिमीटर पाणी वाहतं. 80 धरला तर सुमारे 35. दहाच्या फरकाने वाहणारं पाणी पाऊणपट वाढलं. त्याच पाण्याबरोबर शेतातली माती आणि फॉस्फरस निघतो, म्हणजे "शेतं की सांडपाणी" या मूळ वादाचा निकाल बऱ्याच अंशी या एका आकड्यात दडलेला असतो.

असे डझनावारी आकडे जुळवायचे असतात. त्यातून जलविज्ञानात कीथ बेव्हन यांनी ज्यावर आयुष्यभर बोट ठेवलं, ती अडचण उभी राहते: आकड्यांचे अनेक वेगवेगळे संच नदीचा मोजलेला प्रवाह सारख्याच चांगल्या रीतीने जुळवतात. एका संचात दोष शेतांवर येतो, दुसऱ्यात भूजलावर. आलेख दोन्हींचे देखणे. म्हणून एकच जुळवलेलं मॉडेल दाखवणाऱ्याला विचारा, तेवढेच चांगले जुळणारे बाकीचे संच कुठे आहेत आणि ते काय म्हणतात? सगळे एकच मार्ग सुचवत असतील तर निर्धास्त व्हा. त्यांचं आपसात जमत नसेल तर तुम्हाला अजून उत्तर मिळालेलं नाही.

या प्रकाराची एक बाजू मला मनापासून आवडते. चूक झाली तर ती कुठल्या खणात आहे हे दाखवता येतं. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरासाठी 2010 मध्ये सहा राज्यं आणि राजधानी मिळून प्रदूषणाची कमाल मर्यादा ठरली, ती अशाच मॉडेलांच्या आधारावर. त्यात एक गृहीत होतं: सस्क्वेहाना नदीवरचं कोनोविंगो धरण 2025 पर्यंत गाळ अडवत राहील. पुढच्या अभ्यासांत दिसलं की धरणामागची जागा जवळजवळ भरलेली आहे. चूक पुन्हा आशावादी बाजूचीच. पण गृहीत लिहिलेलं होतं, त्यामुळे ते दुरुस्त झालं आणि वर्षाला आणखी 60 लाख पौंड नायट्रोजन कमी करावा लागेल असा हिशेब पुढे आला. त्याचा खर्च कुणी उचलायचा यावरचा वाद मात्र मॉडेल सोडवू शकत नाही.

नोंदींवरून शिकणारं मॉडेल

रँडम फॉरेस्ट, न्यूरल नेटवर्क वगैरे मशीन लर्निंगच्या पद्धती. यांना प्रक्रिया सांगावी लागत नाही, जुन्या नोंदी द्याव्या लागतात. अंदाज वर्तवण्यात ही आता फार पुढे गेली आहेत. अमेरिकेतल्या शेकडो नद्यांच्या नोंदींवर झालेल्या तुलनांत न्यूरल नेटवर्कने रोजच्या प्रवाहाचा अंदाज पारंपरिक मॉडेलांपेक्षा चांगला दिला आहे. उद्या पूर येईल का, येत्या आठवड्यात शेवाळ वाढेल का, कुठल्या विहिरीचं पाणी आधी तपासावं असे प्रश्न असतील तर मी दुसरीकडे पाहणारही नाही.

पण जलाशयाचा आपला प्रश्न त्या जातीचा नाही. आपल्याला आजवर न केलेली गोष्ट करून बघायची आहे. रँडम फॉरेस्टचं उत्तर म्हणजे शिकलेल्या नोंदींचीच सरासरी, त्यामुळे त्यात पाहिलेल्या सर्वांत लहान आकड्याच्या खाली ते जाऊच शकत नाही. तलाव गेली वीस वर्षं घाणच असेल, तर भार निम्मा केल्यावर तो किती स्वच्छ होईल हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. ते निमूटपणे घाण तलावाचाच आकडा देईल. म्हणजे इथे चूक निराशावादी बाजूला होते, आणि चांगली योजना कागदावरच मरते.

तपासणीबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. रोजच्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसून काही शिकायला आणि काही तपासायला ठेवल्या, तर अचूकता हमखास झकास दिसते. कारण तपासणीतल्या दिवसाचा आदला आणि पुढचा दिवस मॉडेलने पाहिलेला असतो. अख्खी वर्षं बाजूला ठेवून तपासायला सांगा, आणि त्यात एक दुष्काळी वर्ष असू द्या. बरेच चमकदार निकाल तिथे फिके पडतात.

संभाव्यतेचं जाळं

बेजियन नेटवर्क कमी परिचयाचं आहे. घटकांच्या चौकटी, त्यांना जोडणारे बाण आणि प्रत्येक चौकटीमागे शक्यतांचा तक्ता. जिथे मोजमाप आहे तिथे मोजमाप वापरायचं, नाही तिथे जाणकारांचा अंदाज. उत्तर येतं ते "फॉस्फरस 27 होईल" असं नाही, तर "या उपायाने तलाव बंद ठेवण्याची वेळ येण्याची शक्यता इतकी घटेल" असं. निर्णय घेणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं, आणि अनिश्चितता परिशिष्टात दडपून ठेवता येत नाही.

तोटेही आहेत. बाण गोल फिरून मागे येऊ शकत नाहीत, त्यामुळे शेवाळ कुजून गाळात जातं आणि गाळातून पुन्हा शेवाळाला खाद्य मिळतं हे चक्र सरळ मांडता येत नाही. तीन कारणं, प्रत्येकाच्या तीन पातळ्या आणि परिणामाच्याही तीन, एवढ्या एका तक्त्यात 81 आकडे भरावे लागतात. चाळिसाव्या आकड्याला तज्ज्ञ कंटाळलेले असतात. आणि चुकीची दिशा? ज्यांना बोलावलं त्यांचा कल असेल ती.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यूस नदीच्या मुखासाठी नायट्रोजनची मर्यादा ठरवताना प्रक्रियांवर आधारलेली दोन मॉडेलं आणि एक संभाव्यतेचं जाळं अशी तिन्ही वापरली गेली. भाकितं प्रत्यक्षाशी ताडून पाहिल्यावर जास्त तपशिलाची मॉडेलं स्पष्टपणे सरस ठरली नाहीत. मॉडेलवर वर्षानुवर्षं खर्च करणाऱ्यांनी यावर थोडं थांबायला हवं.

पर्याय शोधून देणारी साधनं

ही वेगळ्याच कामाची आहेत, म्हणून थोडक्यात. मार्क्सनसारखं साधन निसर्गाचं भाकीत करत नाही. ठरलेली उद्दिष्टं कमीत कमी किमतीत गाठणाऱ्या जागा ते निवडतं. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या 2004 च्या फेररचनेत त्याची मदत घेतली गेली. मासेमारीला पूर्ण बंद असलेलं क्षेत्र 5 टक्क्यांहून कमी होतं, ते सुमारे 33 टक्के झालं. अंतिम सीमा मात्र लोकांची मतं ऐकून माणसांनी आखल्या. अनेक निकषांना गुण आणि वजनं देणाऱ्या तक्त्यांबाबत एकच पथ्य: वजनं पर्याय बघण्याआधी ठरवा. नाहीतर हवं ते उत्तर येईपर्यंत वजनं हलवली जातात, आणि त्यावर मॉडेलचा शिक्का बसतो.

मग घ्यायचं काय?

जलाशयासाठी मी असा जाईन. आधी एका ओळीचं सूत्र, भाराचे कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंदाज घालून. दोन्ही टोकांना तोच मार्ग जिंकत असेल तर मॉडेलिंग तिथेच थांबवा आणि पैसा कामाला लावा. निकाल पालटत असेल तर संभाव्यतेचं जाळं, कारण कुठल्या एका मोजमापाने संभ्रम सर्वांत जास्त मिटेल हे ते सांगतं. बहुधा ते मोजमाप गाळातल्या फॉस्फरसचं निघेल. प्रक्रियांचं मॉडेल तेव्हाच, जेव्हा कुठल्या शेतावर, कुठल्या महिन्यात काय करायचं इतक्या बारकाईत निर्णय जाणार असेल आणि काही वर्षांच्या प्रवाहाच्या व गुणवत्तेच्या नोंदी हाताशी असतील. नोंदींवरून शिकणारं मॉडेल रोजच्या इशाऱ्यांसाठी वेगळं ठेवा.

निर्णय दरवर्षी पुन्हा घ्यावा लागणार असेल, म्हणजे किती मासे पकडू द्यायचे किंवा किती पाणी उपसू द्यायचं, तर अजून एक वाट आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने 1994 मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीत निसर्गाचं सर्वोत्तम मॉडेल शोधण्याचा नाद सोडून दिला. पकडीचा इतिहास आणि व्हेलच्या संख्येचे अंदाज एवढ्यावर चालणारा एक साधा नियम घेतला आणि कॉम्प्युटरमध्ये उभ्या केलेल्या अनेक काल्पनिक समुद्रांत तो 100 वर्षं चालवून पाहिला. काहींत गणती चुकीची, काहींत पकड कमी नोंदवलेली, काहींत निसर्गच बिघडत जाणारा. या सगळ्यांत जो नियम साठा बुडू देत नाही, तो पास. व्यापारी शिकारीवर बंदी असल्याने आयोगाने तो नियम प्रत्यक्षात कधी लावला नाही, पण मत्स्यव्यवसायात ही रीत रुळली. कॉडच्या प्रकरणात नेमकी हीच परीक्षा झाली नव्हती.

काम बाहेरून करून घेणार असाल तर करारात तीन गोष्टी घाला: सगळ्या इनपुट फाइल तुमच्या ताब्यात, गृहीतांची यादी चूक कुठल्या बाजूला जाईल या रकान्यासह, आणि अहवालानंतर तुमच्याच माणसाने ते मॉडेल एकदा चालवून तोच आकडा काढून दाखवणं. शेवटचा हप्ता तिसऱ्या अटीला बांधा.